ओढ्याची प्रकृती कशी ओळखावी?
आरे वसाहतीतील पाण्याच्या निमित्ताने

गुरांना पाणी पाजण्यासाठी ओढ्यावर नेणारा शेतकरी पाण्याची पारख आपल्या परीने करीतच असतो. पाणी निवळ आहे की गढूळ, त्यास वास येतो की नाही, म्हैस तोंड लावते की मान फिरवते, एवढ्यावरून तो आपला निर्णय घेतो. ही पारख खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. पावसाळ्यातील लाल गढूळ पाणी डोळ्यांस वाईट दिसते, तरी त्यातील जीवसृष्टी सुखरूप असू शकते. उलट वैशाखातील आरशासारखे निवळ डबके आतून मृतवत असू शकते. शिवाय पाणी वाहते असते. सकाळी दहा वाजता भरलेली बाटली त्या घटकेच्या पाण्याची हकीकत सांगते. पहाटे चार वाजता वरच्या गोठ्याचे धुवण ओढ्यात सोडले गेले असेल, तर तोवर ते दूर खाली निघून गेलेले असते. ओढ्याच्या तळाशी दगडाखाली महिनोन्‌महिने राहणारे किडे मात्र कोठे जात नाहीत. पाण्यात जे जे मिसळले ते सारे त्यांनी सोसलेले असते. तेव्हा ओढ्याची प्रकृती जाणावयाची असेल, तर पाण्याच्या रासायनिक तपासणीबरोबरच या मुक्या साक्षीदारांची साक्ष काढली पाहिजे. ती कशी काढावी, हे येथे सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी मुंबईच्या उपनगरातील आरे दुग्ध वसाहत घेतली आहे. ती निवडण्यास कारण आहे. मुंबई शहरात दाटीवाटीने वसलेल्या तबेल्यांमुळे होणारी अस्वच्छता दूर व्हावी आणि नागरिकांस चांगले दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेस या वसाहतीचा आरंभ झाला. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तिची उभारणी केली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील दुग्धशाळेचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसच्या वर गोठे आणि सुमारे १६,००० जनावरांची सोय, असा या योजनेचा विस्तार होता. शहराच्या गटारांतून शेण दूर झाले, ही गोष्ट खरीच. परंतु ज्या टेकड्यांवर ते गेले, त्याच टेकड्यांच्या कुशीत मुंबईच्या नद्यांचा उगम आहे. ओशिवरा नदी आरे वसाहतीतच उगम पावते आणि गोरेगाव-जोगेश्वरीच्या बाजूने मालाडच्या खाडीस मिळते. मिठी नदी विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन आरेच्या पूर्व अंगाने खाली उतरते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत शिरते. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि पवईचा १८९० च्या सुमारास. म्हणजे मिठीचे पाणी दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसाने अडविलेले आहे. ही नदी पूर्णपणे निसर्गाच्या हाती कधीच नव्हती असे म्हटले, तरी ते फारसे चुकीचे होणार नाही.

आरेचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले ते झाडांमुळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झालेली वृक्षतोड, त्यावरचा न्यायालयीन वाद आणि पुढच्या वर्षी वसाहतीतील काही शे एकर जमीन राखीव वन म्हणून ठेवण्याचा शासनाचा निर्णय, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वादातही ती जागा मिठीच्या पूरक्षेत्रात येते, हा एक मुद्दा होता. परंतु ओढ्याच्या पाण्याविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. वसाहतीतील पाड्यांवर राहणारी वारली व इतर आदिवासी कुटुंबे मात्र या पाण्यास फार जवळून ओळखतात. खेकडे कोठे मिळेनासे झाले, हे त्यांस कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी समजते.

आता शेण पाण्यात गेल्याने नेमके काय बिघडते ते पाहू. शेण हे शेतीचे सोने, तेव्हा त्याने पाणी बिघडावे कसे, असा प्रश्न पुष्कळ गवळी बंधू विचारतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा जलचरांचा श्वास होय. हवेतील प्राणवायूच्या मानाने तो फारच थोडा असतो. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या गोड्या पाण्यात तो अधिकात अधिक म्हणजे लिटरला सुमारे ७.५ मिलिग्रॅम मावतो आणि पाणी जसजसे तापते तसतसा तो कमी होतो. पाण्यात शेण पडले की जीवाणू त्यावर तुटून पडतात व ते कुजविताना हा प्राणवायू वापरून टाकतात. अशा रीतीने एक लिटर पाण्यातील घाण कुजविण्यास किती प्राणवायू लागेल, त्या मापास जैविक प्राणवायू-मागणी म्हणतात, बी. ओ. डी. हे तिचेच संक्षिप्त नाव. घरगुती सांडपाण्याची ही मागणी लिटरला साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. शेण, मूत्र व धुवण यांच्या दाट राड्याची ती १०,००० ते २०,००० पर्यंत जाते. मधला आकडा १५,००० धरला, तर एक लिटर राडा पुरता कुजण्यास जो प्राणवायू लागेल, तो पुरविण्यास २,००० लिटर निर्मळ पाणी आपला सर्व प्राणवायू गमावून बसेल. म्हशीचे रोजचे शेण सुमारे १५ किलो धरतात. पाचशे म्हशींच्या गोठ्यातून दररोज साडेसात टन शेण निघते. हे शेतात गेले तर खत, संयंत्रात गेले तर खत व गॅस दोन्ही, आणि नाल्यात गेले तर खालच्या साऱ्या नदीचा गळा आवळणारा फास.

रासायनिक तपासणीचे शासनमान्य निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिले आहेत. पाण्याचा उपयोग कशासाठी व्हावयाचा, त्यावरून पाण्याचे अ ते ई असे पाच वर्ग केले आहेत. निर्जंतुक करून, पण इतर प्रक्रिया न करता पिण्यास घ्यावयाच्या पाण्यात प्राणवायू लिटरला किमान ६ मिलिग्रॅम आणि प्राणवायू-मागणी २ हून अधिक नसावी. स्नानाच्या पाण्यास हेच आकडे ५ आणि ३ असे आहेत. मासे व वन्य प्राणी यांच्यासाठी ड वर्ग आहे. त्यात प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत आणि पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. सिंचनाच्या ई वर्गात प्राणवायूची अट नाही, क्षारांची आहे. येथे एक गोष्ट शेतकरी बंधूंनी लक्षात घ्यावी. पीक भिजविण्यास जे पाणी चालते, ते ओढा जिवंत असल्याची खूण नव्हे. मेलेल्या ओढ्याच्या पाण्यावरही गवत माजते. किंबहुना अधिकच माजते.

याच मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत ३५१ पट्टे होते आणि त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते. पवई ते धारावी हा मिठीचा भाग सर्वांत वाईट म्हणजे पहिल्या गटात होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मिठीचे नमुने माहीमच्या पुलाजवळ घेते. परंतु तेथे भरती-ओहोटीचे पाणी मिसळते आणि साऱ्या शहराची घाण तोवर नदीत आलेली असते. आरेतील एखाद्या गोठ्याखालचा ओढा कसा आहे, हे माहीमच्या बाटलीवरून कळणे शक्य नाही. ते ज्याचे त्यानेच, आपल्या ठिकाणी पाहिले पाहिजे.

जलचरांवरून पाण्याची परीक्षा करण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्ये घाणीच्या प्रमाणाप्रमाणे वनस्पती व प्राणी कसे बदलत जातात याच्या याद्या केल्या. पुढे ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास एका कार्यगटाने तळाच्या किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत बसविली. जे कूळ घाण मुळीच सोसत नाही त्यास १०, जे कशातही तग धरते त्यास १. केंद्रीय मंडळाने यमुनेवरील अभ्यासाच्या आधारे ही पद्धत आपल्या देशाच्या परिस्थितीस जुळवून घेतली आणि तीत विविधतेच्या मोजमापाची भर घातली. या कामास सूक्ष्मदर्शक लागत नाही. एक हातजाळी, एक पांढरी एनॅमलची परात, एक साधे भिंग आणि एक चिमटा एवढ्यावर ते भागते. माध्यमिक शाळेतील मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली ते सहज करू शकतील.

जागा तीन निवडाव्यात: गोठ्याच्या किंवा वस्तीच्या वर एक, धुवण मिसळते तेथून थोडी खाली दुसरी, आणि आणखी पाव-अर्धा किलोमीटर खाली तिसरी. वरच्या जागेशी तुलना केल्यावाचून खालच्या जागेचा निकाल देणे म्हणजे तराजूच्या एकाच पारड्यात माल घालून वजन सांगण्यासारखे आहे. आरेच्या उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागून असल्याने निर्मळ ओढा कसा असतो याचा नमुना तेथील अभ्यासकांस फार दूर शोधावा लागत नाही. मात्र उद्यानात वन खात्याच्या परवानगीवाचून पाण्यात उतरू नये. शक्यतो दगडगोट्यांवरून पाणी खळखळत जाते अशी घोटाभर खोलीची जागा घ्यावी आणि तिन्ही ठिकाणी सारख्याच प्रकारची घ्यावी. खळाळाची तुलना डोहाशी केली तर फरक घाणीचा नसून जागेचाच निघावयाचा.

जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगास, तोंड वर करून तळाशी टेकवावी. तिच्या पुढे उभे राहून तीन मिनिटेपर्यंत पायांनी तळ ढवळावा, चार-सहा दगड हातांनी उचलून जाळीच्या तोंडाशी चोळावेत. जे काही सुटेल ते वाहत जाळीत येते. ते परातीत थोड्या पाण्यात ओतून पाच मिनिटे स्तब्ध ठेवावे. प्रथम नुसता पालापाचोळा व रेती दिसते. मग हळूहळू पाचोळा चालू लागतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्यास मोठे नवल वाटते. पायांत रबरी बूट आणि हातांत मोजे अवश्य घालावेत. जनावरांच्या व उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

परातीत काय शोधावे? दगडास चिकटून राहणारी चपट्या अंगाची, शेवटास दोन किंवा तीन बारीक शेपट्या असलेली मेफ्लाय माशीची पिल्ले दिसली, तर समजावे की येथील पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. त्यांतील चपट्या कुळास पुरे १० गुण आहेत. रेतीचे कण अथवा काडीकचरा रेशमाने जोडून केलेल्या नळीत राहणारी कॅडिस माशीची अळी हीही चांगली खूण. चतुर व टाचणी यांची पिल्ले, झिंगे, खेकडे हे मधल्या पायरीवरचे. मूळ कोष्टकात गोगलगायी व जळवा यांस ३ गुण आहेत. तळाच्या चिखलात वळवळणाऱ्या रक्तासारख्या तांबड्या अळ्यांस २ आणि ट्युबिफेक्ससारख्या बारीक तांबड्या गांडुळवजा कृमींस १. या तांबड्या रंगाचे कारण मोठे मनोरंजक आहे. आपल्या रक्तात असते तसेच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगी असल्यामुळे नाममात्र प्राणवायूतही ते श्वास घेऊ शकतात. लांब शेपटीची नळी पाण्यावर काढून हवा घेणारी पांढुरकी अळी सापडली, तर त्या ठिकाणी पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेलाच नाही असे खुशाल समजावे.

सापडलेल्या प्रत्येक कुळाचे गुण लिहून त्यांची सरासरी काढावी. समजा सात कुळे मिळाली आणि त्यांचे गुण १०, ७, ६, ३, ३, २ व १ असे आहेत. बेरीज ३२, सरासरी सुमारे ४.६. केंद्रीय मंडळाच्या कोष्टकात ७ ते १० सरासरी म्हणजे निर्मळ पाणी, ६ ते ७ किंचित दूषित, ३ ते ६ मध्यम दूषित, २ ते ५ बरेच दूषित आणि २ च्या खाली अतिशय दूषित. मध्यम व बरेच दूषित यांच्या सीमा एकमेकींत घुसलेल्या आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात येईलच. म्हणून दुसरे माप लागते, ते विविधतेचे. परातीतील प्राणी जसे हाताला लागतील तसे एकेक उचलावेत आणि हा प्राणी मागच्यासारखाच आहे की वेगळा, एवढेच पाहावे. वेगळा निघाला की नवी रांग सुरू झाली असे धरून खडूने रेघ ओढावी. रांगांच्या संख्येस एकूण प्राण्यांच्या संख्येने भागावे. साठ प्राण्यांत तीस रांगा झाल्या तर उत्तर ०.५ येते. साठही प्राणी बहुतेक तांबड्या अळ्याच असतील तर रांगा जेमतेम सहा होतील आणि उत्तर ०.१ येईल, ०.२ च्या खाली म्हणजे ओढा जवळपास मेलाच. प्राण्यांची नावे ठाऊक नसली तरी हे माप काढता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

परदेशी कोष्टके डोळे मिटून वापरणे मात्र धोक्याचे. स्टोनफ्लाय नावाच्या माशीस थंड देशांत फार मान आहे. तिची काही कुळे सह्याद्रीत आढळतात, परंतु मुंबईसारख्या समुद्रसपाटीजवळच्या उष्ण ओढ्यांत ती न मिळाल्यास लगेच पाण्यास दोष देऊ नये. तसेच कोकणातील कित्येक ओढे हे मुळातच पावसाळी आहेत. ते फाल्गुनात आटले म्हणून आजारी ठरत नाहीत. उलट जो ओढा पूर्वी आटत असे आणि आता भर उन्हाळ्यात वाहताना दिसतो, त्याविषयी संशय घ्यावा. ते पाणी झऱ्याचे नसून वस्तीचे व गोठ्यांचे असण्याचा संभव अधिक. पाहणीस ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. पुराने तळ धुऊन निघाल्यावर किड्यांची वस्ती पुन्हा बसलेली असते आणि पाणीही पुरेसे असते. एप्रिलमध्ये दुसरी पाहणी करावी.

प्राणवायू मोजावयाचा असेल तर तो सूर्योदयापूर्वी मोजावा. विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली पद्धत आजही वापरात असून तीवर आधारलेल्या छोट्या पेट्या बाजारात मिळतात. शेवाळाने हिरव्या झालेल्या डबक्यात दुपारी प्राणवायू अगदी भरपूर निघतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करते. तेच शेवाळ रात्री तो ओढून घेते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. दुपारच्या एकाच आकड्यावर विसंबून पाणी उत्तम ठरविल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मासे दिसले म्हणजे पाणी चांगले, हाही असाच एक समज. मरळ व मांगूर हे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे गटारातही वाढतात. तिलापिया कोठेही रुजतो. कोणते मासे आहेत आणि किती प्रकारचे आहेत, हे पाहिले पाहिजे. त्याहूनही बोलकी खूण म्हणजे वलगण. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट चढून ओढ्यांत व शेतांत येतात, हे ठाणे-रायगडकडील शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. ज्या ओढ्यात वलगण चढते, तो खालच्या पाण्याशी अजून जोडलेला आहे. ज्यात ती बंद पडली, तेथे घाणीचा पट्टा, उभी भिंत किंवा काँक्रीटचा तळ यांपैकी काहीतरी आडवे आलेले असते. गावातील वृद्धांस विचारून वलगण कोणत्या साली थांबली हे टिपून ठेवावे. असा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

काठ व तळ यांची पाहणीही सोडू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने हाहाकार केला. त्यानंतर नदी रुंद व खोल करण्याची आणि काठास भिंती बांधण्याची कामे झाली. पुराचा विचार करता त्यांची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि भिंतींमधील सपाट तळावर किड्यांस दडण्यास दगड नाही, बेडकास अंडी घालण्यास कडेचे उथळ पाणी नाही, सावलीस उंबर वा करंज नाही. तेथील गुण कमी आले, तर सारा दोष पाण्याच्या माथी मारता येणार नाही. आरेत अद्याप मातीचे काठ व झाडोरा बराच शिल्लक आहे, ही जमेची बाजू होय.

गोठ्याच्या मालकाने काय करावे? पहिली गोष्ट, शेण पाण्याने लोटू नये, फावड्याने उचलावे. राडा पातळ करून वाहवून देणे सोपे, पण एकदा पातळ झालेले शेण पुन्हा गोळा करणे फार खर्चाचे. उचललेल्या एक किलो शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो. पाचशे म्हशींच्या गोठ्यास हे रोजचे ३०० घनमीटर झाले. उरलेले धुवण टाकीत निवळवून गवताच्या कुरणास द्यावे. पॅरा गवत पाणथळ जागी जोमाने येते व त्यातील नत्र उचलते. मात्र अशा कुरणास धुवणाचा अतिरेक झाल्यास चाऱ्यात नायट्रेट साठून जनावरांस विषबाधा होण्याचा धोका असतो, म्हणून पाळीपाळीने द्यावे. केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये गोठे व गोशाळा यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या असून, शेण व धुवण प्रक्रियेवाचून नाल्यात सोडण्यास त्यांत मनाई आहे.

दुसरी गोष्ट गोचिडांच्या औषधाची, आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधे म्हशीस फारशी बाधत नाहीत, परंतु पाण्यातील किडे, झिंगे व मासे यांना ती लिटरला एक मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाणातही मारक ठरतात. औषध लावलेली म्हैस लगेच ओढ्यात डुंबावयास सोडली किंवा औषधाची बादली ओढ्यात धुतली, तर खालचा बराच पट्टा निर्जीव होतो. प्राणवायू मोजला तर तो पुरेसा भरतो, पाणी निवळ दिसते, आणि परातीत मात्र काहीच हालत नाही. असे आढळल्यास शेणाचा नव्हे, औषधाचा संशय घ्यावा.

परातीत लिम्निया जातीच्या, उजव्या हातास तोंड असलेल्या पातळ कवचाच्या गोगलगायी पुष्कळ मिळाल्या, तर तेथे गुरे चारू नयेत व पाणी पाजू नये. यकृतातील पर्णकृमी ऊर्फ लिव्हर फ्लूक या गोगलगायींत वाढतो आणि तेथून काठच्या गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातो. अशा जागी जनावरांचे शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे. पाण्यावर निळसर हिरवी, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर तेही पाणी वर्ज्य समजावे. त्या शेवाळाच्या विषाने गुरे दगावतात.

नोंदवही साधी असावी. तारीख, वेळ, मागच्या तीन दिवसांतला पाऊस, पाण्याचे तपमान, मिळालेली कुळे, गुणांची सरासरी, रांगांचे गुणोत्तर आणि त्या दिवशी वरच्या बाजूस काय चालले होते, एवढे लिहिले म्हणजे पुरे. तिन्ही जागांची वर्षातून दोनदा नोंद केल्यास तीन वर्षांत ओढा कोणत्या दिशेने चालला आहे हे स्पष्ट दिसेल. मोजणी झाल्यावर परातीतील प्राणी ज्या जागेचे त्याच जागी, पाण्यात हलकेच सोडून द्यावेत आणि दगड होते तसे पालथे ठेवावेत.